आठवी चूक

“मामा, हजार ओळी झाल्या तुमच्या. मग ह्या एका वाक्यालाच चार दिवस कशाला?” संयोगितानं कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं सरकवत विचारलं. मी त्या वाक्याकडंच बघत होतो, पण डोळ्यांपुढं एक जुनं अंतर्देशीय पत्र आलं होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी आलेलं. त्याचं उत्तर मी कधीच दिलं नाही.

हे तिला काय सांगणार? मी म्हणालो, “इथं ‘आम्ही’ लिहावं की ‘आपण’, ते ठरत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

संयोगिता माझ्या बहिणीची मुलगी. बँकेत अधिकारी आहे. महिन्यातून एका रविवारी ती आणि तिच्या मैत्रिणी एका शाळेच्या हॉलमध्ये परदेशी चित्रपट दाखवतात. येणारी बरीच माणसं माझ्या वयाची. खालचं इंग्रजी वाचेपर्यंत चित्र पुढं जातं, अशी त्यांची तक्रार. म्हणून या वेळी खाली मराठी ओळी द्यायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. मी नको म्हणालो होतो. मी अडतीस वर्षं मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं तपासणारा. स्वतः होऊन एक ओळ लिहायची म्हटली की मला घाम फुटतो. पण संयोगिता नकार ऐकण्यातली नाही.

चित्रपटाची गोष्ट अशी. दुसऱ्या ग्रहावरचे तीन जीव एका ओसाड बेटावर उतरतात. त्यांची भाषा शिकायला सैन्यातले लोक एका बाईला तिथं पाठवतात. त्या भाषेत ‘ते’ असा शब्दच नसतो. जवळ जो कुणी असेल, तो ‘आपल्यात’ धरायचा. शिकता शिकता त्या बाईची नजरच बदलत जाते. एकदा अधिकारी तिला विचारतो, “आत किती माणसं आहेत?” ती सहज सांगते, “सात.” माणसं चारच असतात. तिनं त्या तिघांनाही मोजलेलं असतं. मग ही फितूर झाली असं समजून तिला बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या छावणीत नेतात. शेवटी ते जीव एक निरोप पाठवतात. यंत्र त्याचं इंग्रजी करतं आणि कागद तिच्या हातात येतो. ‘उद्या सकाळी वुई जाणार.’

“‘आम्ही’ लिहिलं तर ते तिघं जाणार,” मी संयोगिताला समजावलं. “‘आपण’ लिहिलं तर ते तिलाही चल म्हणतायत.”

“मग इंग्रजीत काय हाय ते बघा की.”

“इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द.”

“आणि त्या वरनं आलेल्यांच्या भाषेत?”

“त्यांच्यातही एकच. सगळी गोष्ट त्यावरच आहे. आधीच ‘आपण’ लिहिलं तर शेवट फुटतो. आणि ‘आम्ही’ लिहिलं तर मी खोटं सांगितल्यासारखं होतं.”

“म्हणजे आपल्या मराठीनंच घोळ घातला म्हणायचा,” ती हसत उठली. “बुधवारी येते. तवर काढा काय तरी तोड. न्हाईतर मी ‘आम्ही’ घालून मोकळी होणार.”

ती गेली. मी तसाच बसून राहिलो.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत गणपतरावांचा छापखाना होता, तिथं मी कामाला होतो. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, साखर कारखान्यांची परिपत्रकं, असलं काम. सीमेकडची गिऱ्हाइकं कानडी पत्रिकाही छापून घ्यायची, म्हणून गणपतरावांनी कानडी अक्षरांचे शिशाचे खिळे आणून ठेवले होते. ते जुळवायला महानंदा आली. संकेश्वरच्या पलीकडच्या एका खेड्यातली, कानडी शाळेत शिकलेली. इथं मामाकडं राहायची. वडिलांचं नाव शिवय्या, एवढंच मला तिच्या घरचं ठाऊक होतं. दोन वर्षं ती माझ्या टेबलापासून सहा पावलांवर उभी राहून खिळे जुळवत होती. छापखान्यात सगळे मला ‘मास्तर’ म्हणत, तीही म्हणायची.

मराठी ती इथंच शिकली, कानानं. दुपारी डबा उघडताना विचारायची, “मास्तर, आम्ही जेवू?” बायंडिंगच्या बायकांबरोबर जेवायला बसण्याची परवानगी मागतेय, असं मला वाटायचं. “जेवा की,” मी म्हणायचो आणि भिंतीकडं तोंड करून माझी भाकरी खायचो. एकदा म्हणाली, “रविवारी आम्ही रंकाळ्यावर जाऊ.” मी म्हणालो, “जाऊन या. हवा चांगली असते.” ती माझ्याकडं जराशी बघत राहिली आणि पुन्हा खिळ्यांच्या खोक्यात हात घातला. मला वाटलं, माझं बोलणं तिला कोरडं वाटलं असेल. ते तसं असायचंच.

आणखी एकदा तिनं विचारलं होतं, “तुमच्यात ‘आपण’ म्हणजे कोण ओ, मास्तर? एकदा म्हणतात ‘आपण बसा’, म्हणजे तुम्ही. एकदा म्हणतात ‘आपण बघू’, म्हणजे सगळे. मला भ्या वाटतं तो शब्द घ्यायला.”

प्रश्न इतका चांगला होता की मला लगेच उत्तर देववेना. “सवडीनं सांगतो,” मी म्हणालो. व्याकरणाची दोन पुस्तकं काढून मी टिपणसुद्धा केलं. ते तिला दिलं नाही. टिपणात चूक असली तर, अशी शंका आली.

मंगळवारी मी माझे कागद झेरॉक्स करायला वीरेशच्या दुकानात गेलो. वीरेश मूळचा कागलचा. घरी कानडी, दुकानात मराठी. त्याची बायको भूमिका गोकाककडची, ती कागदांना स्पायरल लावत बसली होती. मी पुष्कळ वेळ घुटमळलो. मग विचारलं, “वीरेश, कानडीत ‘आम्ही’ला काय म्हणतात?”

“नावु.”

“आणि ‘आपण’ला?”

“नावुच की.”

“तसं नाही. मी आणि माझ्या घरचे, पण तुम्ही नाही, असं म्हणायचं असलं तर?”

“नावु.”

“आणि मी आणि तुम्ही, दोघं?”

“ते बी नावु. लईच जोर द्यायचा आसंल तर नाविब्बरू, आमी दोघं.” वीरेशनं यंत्राचं झाकण लावलं. “मास्तर, आमच्यात आतला कोण आन् भाईरचा कोण, आसं न्हाय. सगळी एका शब्दात बसत्यात. तुमी मराठीवाले बोलायच्या आधी माणसाला दारात उभं करतासा.” मग त्याला काही तरी आठवलं आणि तो बायकोकडं बघून हसायला लागला. “सांगू काय ती गोष्ट?”

“नको ओ,” भूमिका म्हणाली. “सगळ्यांस्नी सांगत बसता.”

“मास्तर घरचंच हायती. ऐका. लगीन हून म्हैना झालता, मराठी शिकायची म्हणून ही घरात बी मराठीच बोलायची. ही मला म्हणती, ‘आज आम्ही सिनेमाला जाऊ.’ म्या म्हटलं, जावा की. आईला घिऊन चालली आसंल. म्या आपला गेलतो तालमीत. परत येतोय तर ही नवी साडी नेसून, गजरा माळून उंबऱ्यात उभी! तीनचा खेळ, आन् वाजल्यात साडेपाच! चार दिवस बोलली न्हाय माझ्यासंगं.”

“मग? मी ‘आम्ही’ म्हटलं होतं की,” भूमिका म्हणाली. तिच्या आवाजात अजूनही थोडी तक्रार होती. “आम्ही म्हणजे कोण? मी आणि हे. दुसरं कोण असणार?”

माझा हात काउंटरवर होता. तो मी काढून घेतला आणि तिच्याकडं वळलो.

“आता काय म्हणता?” मी तिला विचारलं. “आता ‘आपण’ म्हणता का?”

“आता बी ‘आम्ही’च म्हणते,” ती म्हणाली. “ह्यांनाच आता कळतंय.”

दोघं हसले. मीही हसलो असेन. घरी आलो तेव्हा कळलं, की कागद तिथंच राहिले.

पत्र जाड शब्दकोशात होतं. कुठल्या पानांमध्ये, ते मला न बघता सांगता आलं असतं. सुट्टीसाठी गावी गेल्यावर तिनं ते टाकलं होतं. मी घडी उलगडली.

‘मास्तर, बाबांनी हुबळीच्या माणसांना बोलावले आहे. दिवस थोडे आहेत. धारवाडला माझ्या मावशीचा छापखाना आहे. तीथे कानडी आणि मराठी दोन्ही प्रुफ बघायला माणूस पाहीजे. आम्ही दोघे शूक्रवारी सकाळच्या गाडिने धारवाडला जाऊ. वरची खोली रीकामी आहे. तुम्ही आठला कोल्हापूरच्या स्टँडवर या. नाही येनार तर कळवा. महानंदा.’ खाली मावशीचा पत्ता, मराठीत आणि कानडीत.

हे पत्र मी जसं वाचलं होतं ते सांगतो. हुबळीचं स्थळ आलंय हे मला तिच्या मामाकडून कळलं होतं. पत्रावरून वाटलं, ते जमलं. ‘आम्ही दोघे’, म्हणजे ती आणि तिचा होणारा नवरा. ते धारवाडला बिऱ्हाड करणार आणि मला निरोप द्यायला बोलावतेय. चांगल्या मनाची मुलगी, म्हणून बोलावतेय. स्टँडवर उभं राहून, हातात नारळ घेऊन, त्या दोघांना गाडीत बसवून देणं माझ्याच्यानं झालं नसतं. आणि येणार नाही असं कळवायला कारण काय लिहायचं? शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी छापखान्यात एका कारखान्याचा वार्षिक अहवाल तपासत होतो. नंतर तिचा मामा तिचा राहिलेला डबा न्यायला आला. “गेली धारवाडला,” म्हणाला. चेहरा उतरलेला होता. कुणाबरोबर गेली, हे मी विचारलं नाही.

पत्रावर लाल शाईच्या सात खुणा आहेत. त्या माझ्या. पत्र आलं त्याच दिवशी केलेल्या. तीथे, प्रुफ, पाहीजे, शूक्रवारी, गाडिने, रीकामी, येनार. रडू येऊ नये म्हणून माणूस काही तरी करतो, मी हे केलं. ‘आम्ही’वर खूण नाही. शब्द शुद्धच लिहिला होता.

बुधवारी संयोगिता आली तेव्हा पत्र टेबलावर होतं. मी ते ठेवलं होतं की राहिलं होतं, मला खरंच सांगता येणार नाही. तिनं उचललं, उभ्यानंच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं.

“हे लाल कुणी केलं?”

“मी.”

“कवा?”

“तेव्हाच.”

मग मी तिला सगळं सांगितलं. ‘नावु’चं सांगितलं, भूमिकाच्या सिनेमाचं सांगितलं. बोलताना मला थोडं हलकं वाटायला लागलं होतं. शेवटी मी म्हणालो, “तिच्या भाषेत तो शब्दच वेगळा नव्हता. तिला जे दिसत होतं ते मला दिसायला माझ्या भाषेत वाटच नव्हती.”

“मामा,” संयोगिता म्हणाली, “हे वाचा.” तिनं बोट ठेवलं. “‘कानडी आणि मराठी दोन्ही प्रुफ बघायला माणूस पाहीजे.’ कानडीचं ती बघणार. मराठीचं कोण बघणार होतं? हुबळीचं पावणं?”

मी त्या ओळीकडं बघत राहिलो. त्या ओळीत माझ्या तीन खुणा होत्या. ‘तीथे’ची दुसरी वेलांटी, ‘प्रुफ’चा ऱ्हस्व उकार, ‘पाहीजे’ची दुसरी वेलांटी.

“ते वाक्य तुम्ही वाचलंच न्हाय,” ती म्हणाली.

“तपासलं,” मी म्हणालो.

“भाषेचं ऱ्हाऊ दे. तुमास्नी इचारता आलं असतं की! आम्ही म्हणजे कोण ओ, महानंदाबाई? एवढंच इचारायचं हुतं. स्टँड काय लंडनला हाय?” तिचा आवाज चढला होता. आईवर गेलीय ती. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “चहा टाकते.”

चहा पिताना तिनं विचारलं, “फोनवर शोधू काय? आजकाल सापडत्यात माणसं.”

“नको,” मी म्हणालो. “काय सापडेल, कोण जाणे.”

विचारता आलं असतं, असं संयोगिता म्हणाली ते खरं होतं. एका शब्दाचे दोन अर्थ निघत असताना मी माझ्या सोयीचा घेतला. ज्यात मला काहीच करावं लागणार नव्हतं, तो. लाजाळू माणसाला नकार गृहीत धरणं फार सोपं जातं. भाषेनं दार लोटलं असेल, कडी मी घातली. आयुष्यभर शंकेवर पोट भरलं मी. प्रत्येक वेलांटीची शंका घेतली, आणि एकदाच, जिथं घ्यायला हवी होती तिथं, माझी पक्की खात्री होती.

चित्रपटाच्या त्या वाक्याची तोड मात्र त्याच दुपारी निघाली. मी लिहिलं, ‘उद्या उजाडताच निघायचं.’ कुणी निघायचं, ते नाही. ज्याला जसं ऐकू येईल तसं त्यानं ऐकावं. संयोगितानं ओळ वाचली आणि मान हलवली. मराठीतही असं बोलता येतं हे मला सत्तर वर्षं ठाऊक होतं.

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला होता. मी मागं, दाराजवळ बसलो. आपल्या ओळी पडद्यावर उमटताना मी प्रत्येकीच्या वेलांट्या तपासत होतो, पण कुणी नावं ठेवली नाहीत. शेवटाला ती बाई कागद वाचते. छावणीत सगळे टाळ्या वाजवतात, पाहुणे जाणार म्हणून. सकाळी ती लांबच्या टेकडीवर उभी राहून निरोपाचा हात हलवते. खाली त्या यानाचं दार उघडं आहे. उघडंच राहतं. ऊन वर येतं तरी दार बंद होत नाही.

पुढच्या रांगेतला एक दांडगा म्हातारा, पटका बांधलेला, न राहवून मोठ्यानं म्हणाला, “अगं, तुझीच वाट बघाल्यात! जा की!”

हॉल हसला. पडद्यावर बाईचा हलता हात हळूहळू थांबला. तिला कळलं होतं. ती उतारावरून पळायला लागली तेव्हा दार मिटत होतं.

मी दिवे लागायच्या आधीच बाहेर पडलो.

पत्र लिहायला चार दिवस लागले. पहिले दोन दिवस मी त्या जुन्या टिपणासारखं काही तरी लिहीत होतो, ‘आपण’चे अर्थ, उदाहरणांसह. ते फाडलं. बेचाळीस वर्षांनी कुणाला व्याकरण पाठवायचं नसतं. शिवाय हे पत्र कुणाच्या हातात पडेल? मावशी नसणार. छापखाना असेल की नाही, सांगता येत नाही. महानंदा असेल तर अडुसष्टची असेल. नातवंडांना कानडीत ओरडत असेल. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी लिहायचं होतं.

शेवटी एवढंच झालं:

‘महानंदा यांस,

तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. त्या शुक्रवारी मी स्टँडवर आलो नाही. तुम्ही काय लिहिलं होतं ते मला गेल्या आठवड्यात कळलं. तेव्हाच विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. दोष तुमच्या मराठीचा नव्हता.

आम्ही दोघे धारवाडला गेलो नाही, याचं मला वाईट वाटतं.

मास्तर’

सवयीनं लाल पेन हातात घेऊन मी ते पुन्हा वाचलं. शेवटच्या वाक्याशी पेन थांबलं. असं मराठीत म्हणत नाहीत. वाचणाऱ्याला वाटेल, हा आणि दुसरंच कुणी तरी. तिला तसं वाटणार नाही. मी पेनाला टोपण लावलं. माझ्या हातून चूक न काढता गेलेला हा पहिला मजकूर.

पत्ता तिच्या पत्रावरून उतरवला. कानडी अक्षरं मला वाचता येत नाहीत. ती चित्रासारखी, एकेक वळण बघून काढली. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना जरा थांबलो, मग तोही लिहिला, पिनकोडसह.

शुक्रवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. पोस्टाची पेटी माझ्या गल्लीच्या तोंडालाही आहे, पण स्टँडच्या कोपऱ्यावरही एक आहे. आठला पाच कमी होते. पेटीवर कुणी तरी क्लासची जाहिरात चिकटवली होती. मी पेटीचं तोंड चाचपून बघितलं, पत्र आत सरकवलं आणि क्षणभर टोक धरून ठेवलं. मग सोडलं.

पलीकडं एक गाडी सुरूच होती. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, “निपाणी, संकेश्वर, बेळगाव, धारवाड! धारवाड!” मी बघत उभा राहिलेला त्याला दिसलो.

“ओ पावणं! धारवाड न्हवं? चला की, जागा हाय!”

“न्हाय,” मी म्हणालो. “पत्र टाकायला आलतो.”

त्यानं घंटीची दोरी ओढली. गाडी फलाटावरून मागं आली, वळली, आणि मी तिथंच, नारळ धरावा तसे दोन्ही हात पुढं घेऊन उभा होतो.